खंदकात उतरण्यास सक्त मनाई

राही गवळणीची म्हैस मरता मरता वाचली, आणि वैद्याने तिच्या घशातून जे ओढून काढले ते हातात धरून राही थेट धवळगडच्या दरबारात उभी राहिली.

ती होती मेणकागदाची पिशवी. तिच्यावर महाराज रणधवलांचा मिशाळ चेहरा छापलेला!

या पिशव्या म्हणजे महाराजांचा लाडका छंद. बाजारात मूठभर मिरच्या घ्या नाहीतर गाडाभर कांदे घ्या, पिशवी फुकट! घरी जायचे, सामान काढायचे, पिशवी फेकायची. कुठे? गडाच्या खंदकात! मेणामुळे ती भिजेना, कुजेना. बघता बघता खंदकातले पाणी दिसेनासे झाले. दिसायच्या त्या काठोकाठ तरंगणाऱ्या महाराजांच्या मिशा.

"महाराज," राही म्हणाली, "माझी चंद्री पाणी प्यायला गेली आणि तुम्हांलाच गिळून बसली!"

दरबारात कुणीतरी फिसकन हसले. महाराजांचे कान लाल झाले.

"माझ्या पिशवीला नावं ठेवतेस? मग तूच कर खंदक साफ! दसऱ्याला पाहुणे राजे यायचेत, त्याच्या आत! पण नीट ऐक. खजिन्यातून दमडी मिळणार नाही. माझा एकही शिपाई पिशवीला हात लावणार नाही. आणि माझ्या हुकमानं कुणाला कामाला जुंपायचं नाही. जमलं नाही, तर तुझ्या म्हशी सरकारजमा!"

म्हशी गेल्या तर खायचे काय? राही खंदकाच्या काठी डोके धरून बसली.

तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. तांबटाचा रंगू आणि त्याचे दोस्त तटाच्या अगदी कडेवरून एका पायावर लंगडी घालत चालले होते. म्हातारे पहारेकरी भागोजी नाईक खालून ओरडत होते, "उतरा रे मेल्यांनो! पडाल!" नाईक जितके ओरडत, तितकी पोरे आणखी वर चढत.

राही बघत राहिली. मग गालातल्या गालात हसली आणि तडक दरबारात परतली.

"महाराज, एक दवंडी हवी."

"हुकूम मिळणार नाही म्हटलं ना!"

"कामाचा नकोच. मनाईचा द्या! 'खंदकात उतरण्यास सक्त मनाई. तरुणांना तर मुळीच परवानगी नाही. त्यांना ते झेपायचं नाही. शहाण्या मुलांनी घरी बसून आईचं ऐकावं.' आणि पहाऱ्याला भागोजी नाईक द्या."

प्रधानजी महाराजांच्या कानाला लागले, "पोरगी खुळी दिसते! आता तर कुत्रंही उतरणार नाही."

"दिली दवंडी!" महाराज खूश होऊन म्हणाले.

खंदकात पाणी जेमतेम कमरेएवढे होते. राहीच्या म्हशी वर्षानुवर्षे तिथेच डुंबत आल्या होत्या. तरीही तिने काठावरच्या वडाला म्हशींचे दोर बांधून खाली सोडले. मग सावलीत ठाण मांडून बसली.

दवंडी फिरली. दुपारी भागोजी नाईक जेवले आणि भाल्याला टेकून घोरू लागले. रंगू पाय न वाजवता आला, दोर धरून खाली घसरला आणि चिखलाने माखून वर आला.

"मी खंदकात उतरलो!" त्याने छाती फुगवली.

"कशावरून?" राही म्हणाली. "पाय तर डबक्यातही माखतात. खंदकातली पिशवी कुठाय?"

रंगू पुन्हा उतरला. पिशवी घेऊन आला.

"ही काठावरची. ही तर माझी आजीसुद्धा काढेल!"

तेवढ्यात कोष्ट्यांची मंजुळा पदर खोचून पुढे झाली. ती पार मधोमध जाऊन काखेत मावतील तेवढ्या पिशव्या घेऊन आली. झाले! रंगूचे तोंड एवढेसे झाले. दुसऱ्या दिवशी तांबटआळी विरुद्ध कोष्टीपेठ अशी चुरस लागली. भागोजी नाईक जागे होऊन काठी आपटू लागले, की पोरांना दुप्पट जोर चढे. घराघरांतून आया ओरडत होत्या, "मनाई आहे रे!" आणि पोरे धावत होती खंदकाकडे! वडाखाली पिशव्यांचा डोंगर उभा राहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाराज तटावर आले. खाली नितळ पाणी! त्यात महाराजांचा चेहरा दिसत होता, पण एकच.

महाराज चरफडले. "तू अट मोडलीस! माझा हुकूम वापरलास!"

"कुठला हुकूम, महाराज?"

"खंदकात उतरण्यास मनाई!"

"तो पाळला कुणी? पाळला असता तर एक पिशवी तरी निघाली असती का? जो हुकूम कुणी पाळलाच नाही, तो मी वापरला कसा?"

महाराजांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. पण त्यातून खो खो हसूच बाहेर पडले.

"जिंकलीस, पोरी! प्रधानजी, हिला आमच्या गोठ्यातल्या दोन दुभत्या म्हशी द्या! आणि आत्ताच्या आत्ता दवंडी पिटा, उद्यापासून या पिशव्यांना सक्त मनाई!"

"थांबा, थांबा!" राही ओरडली. "मनाई नका करू, महाराज! उद्या सगळी पोरं डोक्यावर पिशव्याच घालून फिरतील!"

"मग करू तरी काय?"

"असा हुकूम काढा, 'गावातल्या प्रत्येक तरुणानं, आईनं सांगितल्याप्रमाणे, महाराजांची पिशवी घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये!'"

महाराज असे हसले, असे हसले, की पागोटे डोक्यावरून सुटून खाली खंदकात पडले. ते काढायला प्रधानजी खाली निघाले.

"राहू द्या, प्रधानजी!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "नुसतं ओरडा, पागोट्याला हात लावू नका म्हणून! आणि राहीला दोन नाही, चार म्हशी द्या!"