मुठीतला वास

‘चूक खाणाऱ्याच्या जिभेची नसेल कशावरून?’ मुकुंदने विचारलं.

जानक्का चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होत्या.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात त्या चाळीस वर्षं रांधत होत्या. मठाच्या मागे सुपारीची बाग होती आणि तिच्यात जायफळाची सात झाडं. जानक्कांनी कधी कुणाला दीक्षा दिली नाही. कुणी शिकायला आलं, तर त्या त्याला तांदूळ धुवायला सांगत. जो टिकला, तो शिकला.

मुकुंद तिरोडकर तीन वर्षं टिकला होता. आता तो पन्नाशीला आलेला, नावाजलेला आचारी होता. हाताखाली अठरा माणसं होती. कुडाळपासून पार गोव्यापर्यंत लोक आधी त्याची तारीख विचारत आणि मग मुहूर्त काढत. त्याच्या बासुंदीचं नाव सगळीकडे होतं.

गेल्या दोन लग्नांत मात्र बासुंदीचं पातेलं अर्धं परत आलं होतं. एका म्हाताऱ्या व्याह्याने भर पंगतीत सांगितलं होतं, जायफळ फार झालंय, कडू लागतंय. दुसऱ्या लग्नात चार पाहुणे जेवून उठले ते डोकं जड झालं म्हणून मांडवातच आडवे झाले.

मुकुंदचं म्हणणं होतं की लोकांना आता जायफळ कळत नाही. सगळ्यांना बाटलीतल्या इसेन्सची सवय झाली आहे. तो डब्यातून बासुंदी घेऊन आला होता. आक्कांनी ती चाखावी आणि काय तो निवाडा करावा.

आक्कांनी चमचाभर घेतली. तोंडात घोळवली. डब्याचं झाकण लावलं…

मग त्या उठल्या, कोनाड्यातून काहीतरी उचललं आणि मूठ मिटूनच परत आल्या. मूठ त्याच्या नाकापाशी धरली.

‘काय आहे?’

मुकुंदने क्षणभरही वेळ घेतला नाही. जायफळ, तो म्हणाला. यंदाचंच आहे, नीट वाळलेलं.

आक्कांनी मूठ उघडली.

तळव्यावर सोललेली सुपारी होती.

…

मुकुंद त्या सुपारीकडे पाहत राहिला.

मग मुकुंदने सगळं सांगितलं. भाद्रपदात ताप आला होता. ताप उतरला आणि वास गेला. फोडणीचा, फुलांचा, जळक्याचा, कशाचाच वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आचाऱ्याला वास येत नाही हे गावभर झालं की संपलंच. म्हणून तो अंदाजाने घालत राहिला, आणि भीतीपोटी हात थोडा सैलच पडत राहिला.

आक्कांनी त्याचं सांत्वन केलं नाही. त्यांनी दुधाचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. गुरुवार होता. दुपारी वीस माणसं जेवायला येणार होती. त्यांनी त्याला खीर करायला सांगितली.

‘आक्का, जायफळ किती घालू ते मला कळणार कसं?’

‘विचार.’

‘कुणाला?’

आक्का पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या होत्या.

मुकुंदने खीर चढवली. दूध आटत आलं, ते त्याला डोळ्यांनी कळलं. तांदूळ शिजले, ते बोटांनी कळलं. गूळ घातला, तो जिभेला कळला. मग त्याने जायफळ आणि किसणी हातात घेतली आणि तिथेच अडला.

तीस वर्षांत त्याने कुणाला चव विचारली नव्हती. हाताखालच्या माणसाने पळी तोंडाला लावली, तर तो त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे.

मागच्या दारी इठाबाई भांडी घासत होती. मठात पाणी भरायची, भांडी घासायची, एवढंच तिचं काम. मुकुंद दारात जाऊन उभा राहिला. परत आला. पुन्हा गेला.

शेवटी त्याने थोडं जायफळ किसून खिरीत घातलं, वाटीत खीर काढली आणि वाटी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. म्हणाला, मला वास येत नाही. तू बघून सांगशील का?

इठाबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने राखेचे हात धुतले, पदराला पुसले, वाटी नाकाशी नेली.

‘वास येता,’ ती म्हणाली, ‘पण लांबसून.’

तो आत गेला. आणखी थोडं किसलं, ढवळलं, पुन्हा वाटी घेऊन आला. ती डोळे मिटून हुंगत राहिली. अजून यायचाय, तिने सांगितलं.

तिसऱ्यांदा त्याने अगदी नखावर राहील एवढंच घातलं.

इठाबाईने वाटी नाकाशी नेली आणि हसली.

‘आता इलो.’

तिने वाटी परत दिली नाही. तिथेच उकिडवी बसून संपवली.

दुपारी माणसं आली. केळीची पानं मांडली गेली. मुकुंद एरवी पातेल्यापाशी उभा राहून हुकूम सोडायचा. आज वाढायला तोच एकटा होता. तो वाकून वाढत गेला आणि वाढता वाढता एकेक चेहरा पाहत गेला. कुणी काही बोलत नव्हतं. बोटं पानावरून फिरत होती. एका आजोबांनी तिसऱ्यांदा खीर मागितली आणि मागताना थोडे लाजले.

शेवटी तो स्वतः जेवायला बसला. वास नव्हताच. पण खीर गरम होती, दाट होती, गोड होती. कित्येक महिन्यांनी त्याचं पोट भरल्यासारखं झालं. घरी गेल्यावर आधी बायकोला सगळं सांगायचं, असं त्याने जेवता जेवताच ठरवून टाकलं.

आक्का ओटीवर बसल्या होत्या. उन्हं अंगणात पसरली होती. त्यांच्या शेजारी खिरीची रिकामी वाटी होती. त्यांनीही दोनदा मागून घेतली होती.

मुकुंद त्यांच्या पायाशी जाऊन बसला. आक्कांकडून निवाडा ऐकायची जुनी सवय सुटेना.

‘आक्का… खीर कशी झाली होती?’

जानक्कांनी थोडा विचार केला.

‘ठाऊक नाही रे,’ त्या म्हणाल्या. ‘मी जेवत होते.’