झाकलेली मनगटे

एकदा एका वृद्ध वैद्याच्या शिष्याला अशी एक गोष्ट सापडली, जी आपल्याआधी कोणालाच सापडली नाही असे त्याला वाटले. बारा वर्षे तो गुरूजवळ नाडीपरीक्षा शिकत होता. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवायची, डोळे मिटायचे आणि आत काय चालले आहे ते ऐकायचे. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आले, की माणूस खोटे बोलला की नाडी एक ठोका गिळते आणि पुढचा ठोका उसळून येतो. सज्जन असो की लबाड, यात चूक म्हणून होत नाही. वर्षभर त्याने गुपचूप ताडून पाहिले आणि मगच गुरूला सांगितले. वैद्यबुवांनी नुसते "हं" म्हटले आणि खलातले औषध घोटत राहिले. शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला हेवा वाटला.

त्याच सुमारास देवळातले चांदीचे छत्र चोरीला गेले. पाच जणांवर संशय होता आणि पाचही जण देवाची शपथ घेत होते. शिष्याने एकेकाचे मनगट धरून एकच प्रश्न विचारला आणि चौथ्यापाशी थांबला. छत्र त्याच्या कडब्याच्या गंजीत मिळाले. पाटील म्हणाले, आता हाताच्या कांकणाला आरसा कशाला? दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी त्यांनी चावडीवर शिष्यासाठी बैठक मांडली. वर्षाच्या आत चोर गाव सोडून गेले, खोटे साक्षीदार मुके झाले, वाण्यांची मापे सरळ झाली. गाव धुतल्या तांदळासारखे झाले, असे पाटील चार गावांत सांगत फिरू लागले. खोटे कशाला बोलू, आपण तिथे असतो तर आपणही टाळ्या वाजवल्या असत्या.

पण माणसाच्या हाती चाळणी आली, की तो गहू चाळून थांबत नाही. एक सासू सुनेला घेऊन आली. माझ्या हातचे हिला खरेच आवडते का, तेवढे विचारा, म्हणाली. एका नवऱ्याने बायकोला आणले आणि एका बायकोने नवऱ्याला. चाळीस वर्षांचे दोन मित्र हसत हसत आले. एकाने दुसऱ्याला विचारले, "तुला कधी माझा हेवा वाटला का रे?" तो "छे" म्हणाला. नाडी उसळली. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. घरोघरी मातीच्या चुली असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतेच. आता कोणाच्या चुलीत कोणती राख आहे, तेही ठाऊक झाले. वाटेत भेटल्यावर "बरं आहे ना?" असे कोणी कोणाला विचारीनासे झाले, कारण "बरं आहे" असे उत्तर देण्याची कोणाची छाती होईना.

मग एका बाईने मनगटाला फडके गुंडाळले. आठवडाभरात अर्ध्या गावाने गुंडाळले. बायका कोपरापर्यंत बांगड्या भरू लागल्या, पुरुष कातडी पट्टे बांधू लागले. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असे म्हणत लोक पट्टा आवळत. शिष्य हसून म्हणे, चोराच्या मनात चांदणे. ज्याने काही केले नाही, त्याने मनगट कशाला झाकावे?

सुगी संपली आणि गावात तापाची साथ आली. वैद्यबुवा घरोघर फिरू लागले, शिष्यही फिरू लागला. लोक जीभ दाखवत, डोळे दाखवत, कपाळ पुढे करत. मनगट मात्र कोणी देईना. चाळीस वर्षे ज्यांच्या हाती गावाने नाडी दिली, त्या म्हाताऱ्यालाही देईनात. शेवटी तो त्या शिष्याचाच गुरू.

कोष्टी आळीत सगुणा नावाची बाई तापाने पडली. सूत येईनासे झाल्यामुळे तिच्या नवऱ्याचा, दामूचा, माग चार महिने बंद होता. शिष्य तिच्या अंथरुणाशी बसला आणि त्याने हात मागितला. तिने तो गोधडीत ओढून घेतला. त्याने समजावले, मग दटावले. दामूनेही विनवले. सगुणा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हिच्या मनात काहीतरी पाप आहे, असे शिष्याने मनाशी धरले. नाडी मिळत नाही, तर शास्त्र सांगते ते करावे, असे ठरवून नव्या तापाला जे सांगतात तेच त्याने सांगितले: लंघन. तीन दिवस पोटात अन्नाचा कण जाऊ द्यायचा नाही, नुसते सुंठीचे पाणी. सगुणाने मान हलवली. हात देण्याचे सोडले, तर आयुष्यात तिने कोणाला नाही म्हटले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणा गेली.

शिष्य पोचला तेव्हा आळी जमली होती. शेजारची म्हातारी उंबऱ्यात बसून रडत होती आणि रडता रडता बोलून गेली. दोन महिने सगुणा एक वेळसुद्धा धड जेवली नव्हती. घरातली भाकरी दामूच्या पानात वाढायची आणि म्हणायची, माझे मघाशीच झाले. म्हातारीने पाहिले, तेव्हा सगुणाने तिला गळ्याची शपथ घातली. "हात दे म्हणून मी किती सांगितलं," म्हातारी म्हणाली. "तर म्हणते, त्यानं यांच्यासमोर विचारलं, जेवतेस का, तर मी काय करू?"

दामू हे सगळे ऐकत उभा होता. तो रडला नाही. त्याने शिष्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारले, "लंघन म्हणजे उपाशीच ठेवायचं ना?"

शिष्याला सगळे कळून चुकले. त्या मनगटावर क्षणभर बोटे टेकली असती, तर बारा वर्षांच्या विद्येने त्याला सांगितले असते, की या नाडीत ताप थोडा आहे आणि भूक फार आहे. वाटीभर पेजेने ती उठून बसली असती. तो तसाच मागे सरत आळीबाहेर पडला आणि धावत सुटला.

वैद्यबुवा घोंगडी पांघरून पडले होते. रुग्ण पाहता पाहता आदल्या रात्रीपासून त्यांनाही ताप भरला होता. शिष्याने धापा टाकत सगळे सांगितले. गुरूचा चेहरा पाहून तो घाबरला आणि सवयीने त्याने त्यांच्या मनगटाकडे हात नेला. वैद्यबुवांनी हात झटकन घोंगडीखाली ओढून घेतला.

ज्या माणसाच्या शब्दावर पंचक्रोशी डोळे मिटून विश्वास ठेवी, तो माणूस हात लपवत होता.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा? तुम्हाला लपवण्यासारखं काय आहे?"

"काही नाही असं म्हटलं, तर ते खोटं ठरेल," वैद्यबुवा सावकाश म्हणाले. "तुला जे सापडलं, ते मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. माझ्या गुरूंनाही ठाऊक होतं. आम्ही बोललो नाही. तेव्हाच तुला बसवून सांगायला हवं होतं, पण तू आपणहून शहाणा होशील असं मला वाटलं. ती माझी चूक. अरे, छत्र चोरणाऱ्याचं खोटं आणि त्या पोरीचं खोटं, दोन्ही नाडीत सारखीच उसळतात. बोटांना तेवढंच कळतं. चोर पकडलास त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण त्यानंतर तू चावडीवर बसलास, आणि गावाच्या लेखी वैद्य उरला नाहीस. रोगी वैद्याला हात देतो तो या भरवशावर, की आत जे सापडेल ते फक्त त्याला बरं करायला वापरलं जाईल. भरवसा गेला, की हात मागे जातो. हाताबरोबर रोगही आत राहतो."

शिष्याने गुरूच्या पायांवर डोके ठेवले आणि पुन्हा कधी चावडीवर बसणार नाही असे सांगितले. तुम्हाला काहीही विचारणार नाही, म्हणाला, फक्त ताप पाहू द्या. थोड्या वेळाने घोंगडी हलली आणि सुरकुतलेला हात बाहेर आला. शिष्याने तीन बोटे टेकवली.

वैद्यबुवा त्याच्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "सगुणा तुझ्या हातून गेली नाही रे. तिचं आयुष्यच तेवढं होतं."

बोटांखाली नाडीने एक ठोका गिळला, आणि पुढचा ठोका उसळून आला.

दोन वर्षे असा ठोका लागला, की शिष्य मान वर करून "खोटं" हा एकच शब्द उच्चारत आला होता. आज त्याने मान वर केली नाही. बोटे तशीच ठेवून त्याने ताप किती आहे तेवढा पाहिला, हात अलगद घोंगडीखाली सारला आणि डोळे पुसून तो चूल पेटवायला उठला.

वैद्यबुवा त्या तापातून उठले. शिष्य पुन्हा चावडीची पायरी चढला नाही, आणि हे गावाने पाहिले. तरीही मनगटांवरची फडकी सुटायला पुढे कितीतरी वर्षे लागली, असे सांगतात.