दोन गिटारी, दोन खोके आणि मस्तानबाबा

"पण बाबा, यातलं दमदार कुठलं, तेवढं सांगा की."

मस्तानबाबांनी डोळे उघडले नाहीत.

"कशातलं?"

"हे काय, समोर मांडलंय सगळं."

मांडलं होतं खरं. बाबांच्या तकियापुढच्या, म्हणजे त्या फकिरी मठीपुढच्या, दगडी ओट्यावर दोन बेस गिटारी आडव्या पडल्या होत्या. एक लाल, आरशासारखी चकाकणारी. दुसरी तपकिरी, कुणाच्याही घरात खपून जाईल अशी. त्यांच्या मागे दोन अँप्लिफायर. एक तांदळाच्या डब्याएवढा, दुसरा कपाटाएवढा. आणि चिंचेच्या सावलीत जनरेटर, कारण तकियावर वीज नव्हती. बाबांना ती कधी लागली नव्हती.

आणायला मेहनत पडली होती. विश्राम तांडेल एरवी आपल्या टेम्पोतून बर्फ आणि मासळी नेई. आज त्याने टेम्पो दोनदा धुतला होता. तरी लाल गिटारीला बोंबलाचा वास लागायचा तो लागलाच.

आता गिटारीतलं फकिराला काय कळतं, असं तुम्ही विचाराल. त्या गावात तसं विचारत नाहीत. तिथे रीतच आहे. आवाज करणारी कुठलीही नवी वस्तू घरात घेण्याआधी तकियावर वाजवून दाखवायची. होडीचं इंजिन असो, ढोल असो, देवळाची घंटा असो. निवडून आलेला सरपंचसुद्धा आधी इथेच आणतात. बाबा ऐकतात, ऊद टाकतात, मान हलवतात. कधी कधी नाही हलवत. तसा एक सरपंच दोन महिन्यांत गेला, पण ती गोष्ट वेगळी.

तर विश्राम रीतीप्रमाणेच आला होता. फक्त त्याच्या बोलण्यात रीतीपेक्षा माहिती जास्त होती.

"हे बघा बाबा. ही लाल आहे ना, हिच्यात पाच तारा. आत बॅटरी. आवाज असा… धारदार. ही तपकिरी, चार तारांची. आवाज मऊ, पण जरा दबका. हा छोटा अँप्लिफायर गोड आहे, मांडवात मात्र हरवतो. हा मोठा, तीनशे वॅटचा. पोटात बसतो आवाज. आता लाल मोठ्याला जोडली तर कान फुटतो, तपकिरी जोडली तर छाती भरते. छोट्याला लाल जोडली…"

"चहा पिणार?"

"नको बाबा. संध्याकाळी दुकानदाराला अर्धं सामान परत द्यायचंय. एक गिटार, एक अँप्लिफायर ठेवायचा. शुक्रवारी हळद आहे."

बाबा उठले. त्यांनी लाल गिटारीला नाक लावलं. तपकिरीला लावलं. छोट्या अँप्लिफायरवर कलिंगडवाल्यासारखी बोटाने टिचकी मारली आणि कान दिला. मग मोठ्यावर जाऊन बसले, पाय हलवून बघितले.

"हा बसायला बरा."

विश्राम हसला नाही. मोठी माणसं असं बोलली की हसायचं की नाही, हे त्याला शाळेतही कधी जमलं नव्हतं.

"वाजवू का?"

"वाजव. मी लांबून ऐकतो."

आणि बाबा खाडीकडे चालायला लागले.

ओहोटी लागलेली होती. पाणी इतकं मागे गेलं होतं की होड्या चिखलात कुशीवर झोपल्यासारख्या कलंडल्या होत्या. दुपार कलत होती. ऊन पिवळं, जाड, सायीसारखं. त्या उन्हात पांढरी लुंगी नेसलेले बाबा लहान होत होत शेवटी बगळ्याएवढे झाले. मग खरे बगळे कुठले आणि बाबा कुठले, तेही कळेना.

विश्रामने जनरेटरची दोरी ओढली. फट् फट् करत तो लागला आणि गुरगुरत राहिला.

त्याने लाल वाजवली. छोट्यावर, मग मोठ्यावर. तपकिरी वाजवली. जोड्या उलटसुलट केल्या. मोठ्याचा आवाज वाढवला, तेव्हा चिंचेवरची कबुतरं उडाली. आणखी वाढवला, तेव्हा ओट्यावरचं पाण्याचं भांडं आपोआप सरकायला लागलं. विश्रामला फार बरं वाटलं. पाणी हललं म्हणजे काहीतरी हललं.

तो वाजवत राहिला. ऊन आणखी जाड झालं. एका क्षणी त्याला वाटलं, आपण ओट्यावर नाहीच, ओटाच खाडीत सुटलाय आणि हळूहळू कुठेतरी वाहत निघालाय…

बाबा परत आले तेव्हा त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते आणि हातात एक खेकडा होता.

"ऐकलं," ते म्हणाले.

"आणि? कुठला दमदार वाटला?"

"तो."

बाबांनी खेकड्याने जनरेटरकडे दाखवलं.

"बाबा, तो जनरेटर आहे."

"असं? वाजवतो कोण त्याला?"

"कुणी नाही. आपोआप चालतो."

"छान वाजतो," बाबा म्हणाले आणि खेकडा डब्यात टाकून त्यांनी झाकणावर दगड ठेवला.

विश्रामचा चेहरा पडला. तो तसा चांगला चेहरा होता. बेंजो पार्टीत सगळ्यात पुढे, चमकीचा सदरा घालून, नवऱ्यामुलाच्या बहिणींना दिसेल असा तो उभा राही. पुढे उभं राहण्याचा हक्क त्याला कुणी दिला नव्हता, पण कुणी मागेही ढकललं नव्हतं. आजवर.

"बाबा, थट्टा नका करू. माझं पार्टीतलं नाव जायला आलंय."

बाबा मोठ्या अँप्लिफायरवर बसले. या वेळी पाय हलवले नाहीत.

"कोण घालवतंय?"

"हरेश्वर. कीबोर्डवाला, पार्टी त्याचीच आहे. म्हणतो, बेस तर माझा डावा हातच वाजवतो, तू कशाला? शुक्रवारच्या हळदीला सांगणार आहे, ठेवायचं की नाही."

"आधी का नाही म्हणाला? चार वर्षं डावा हात खिशात होता?"

जनरेटर बोलत राहिला.

"गेल्या हळदीत…" विश्राम म्हणाला. "गिटारीची वायर निघाली होती. पहिल्याच गाण्याला. कुणाचा तरी पाय लागला असेल. अख्खी हळद तशीच वाजली."

"तुझ्याविना."

"माझ्याविना. आणि कुणाला कळलं नाही. नाचणाऱ्यांना नाही, ढोलवाल्याला नाही, हरेश्वरला नाही. नवऱ्यामुलाची आई तर येऊन म्हणाली, तू काय सुंदर वाजवलंस."

बाबांच्या दाढीत काहीतरी हललं. पण ते हसले असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही.

"म्हणून मोठा आवाज हवाय, बाबा. असा, की मी थांबलो तर मांडव थांबला पाहिजे."

"बरोबर आहे… आणि तुला कधी कळलं?"

"काय?"

"वायर निघाली ते."

विश्रामने लाल गिटार उचलली. तिच्यावर नसलेली धूळ सदऱ्याने पुसली. परत ठेवली. खाडीवरून वारा आला, चिंचेची बारीक पानं दोघांच्या डोक्यावर पडली.

"विश्राम."

"…वायर गुंडाळताना."

"म्हणजे सगळं आटपल्यावर."

"हो."

बाबा उठले, जनरेटरपाशी गेले आणि त्यांनी बरोबर बटण शोधून तो बंद केला.

जी शांतता झाली ती एकदम झाली नाही. आधी जनरेटर गेला. मग कानातला जनरेटर गेला. मग लांबच्या चिखलातले बुडबुडे फुटताना ऐकू यायला लागले, बारीक, पुट्… पुट्… जणू खाडी झोपेत ओठ हलवतेय. ओट्यावरच्या उदाचा धूर सरळ वर गेला आणि थांबला. उजेडाला रंग चढला. विश्रामला वाटलं, आपण फार दिवसांनी इथे आलोय. सकाळी नाही, फार आधी कधीतरी निघालो होतो.

"वाजव आता," बाबा म्हणाले.

"कशावर? वीज नाही."

"वाजव तर."

विश्रामने तपकिरी घेतली. लाल का नाही घेतली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती हाताजवळ होती इतकंच. बसून मांडीवर धरली, जाड तार छेडली. टक् असा कोरडा, लाकडी आवाज आला. मुंगी पायरी उतरावी तसा.

"काही नाही ऐकू येत, बाबा."

बाबांनी त्याची हनुवटी धरली. लहान मुलाचं तोंड पुसताना धरतात तशी. त्याचं डोकं खाली वाकवलं आणि जबड्याचं हाड गिटारीच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर टेकवून दाबलं.

"आता."

विश्रामने तार छेडली.

आणि आवाज आला. कानातून नाही. दातातून, गालफडातून, कवटीच्या आतल्या बाजूने. एवढा मोठा, एवढा गोल, की त्याने दचकून डोकं उचललं. बाहेर तोच मुंगीचा टक्. डोकं टेकवलं. आत पुन्हा भरती. जणू खाडीचं सगळं गेलेलं पाणी त्याच्या डोक्यात येऊन राहिलं होतं आणि आता लाटा घेत होतं.

तो हसायला लागला. हसू गिटारीत गेलं आणि गिटारीतून परत आलं.

"बाबा, हे… हे तर तीनशे वॅट…"

"बोलू नकोस. दात हलतात. वाजव."

बाबांनी काठी घेतली आणि दगडावर ठेका धरला. हळदीचाच. साधा, नेहमीचा, या किनाऱ्यावरचं तान्हं मूलही ज्यावर हात हलवतं तो. टाक… टाक… टाक…

विश्राम वाजवू लागला. डोळे मिटले. आत भरती, बाहेर काठी. सोनेरी, दाट, अंगावर सांडणारं सुख. थोडा वेळ.

मग त्याच्या कपाळावर आठी आली.

काठीच्या आधी. त्याचा सूर काठीच्या आधी येत होता. जरासाच. पण दर वेळी. आणि आलेला सूर मोठा व्हायला लागला, की तो त्याच्यावरून हात उचलून पुढे पळत होता. एकही सूर त्याने पुरता होऊ दिला नाही. वाढलेलं जेवण न जेवता पानावरून उठावं, तसा तो सुरासुरावरून उठत होता. हाडातून येणारा आवाज काही लपवत नव्हता. तिथे चमकीचा सदरा नव्हता, नवऱ्यामुलाच्या बहिणी नव्हत्या. तोच होता, आणि तो घाईत होता.

किती वर्षं?

त्याने हात थांबवला. पण डोकं नाही उचललं.

"बाबा… हा मीच का?"

टाक… टाक… टाक… काठी चालूच होती.

विश्रामने पुन्हा सुरुवात केली. सूर सोडला नाही. तो पुरता होईपर्यंत धरून ठेवला. फार अवघड होतं ते. धावणाऱ्या बैलाची शेपटी धरल्यासारखं. दुसरा चुकला. तिसरा चुकला. चौथा काठीवर बरोबर पडला आणि थरथरत शेवटपर्यंत गेला. गेल्यावर मागे जी जागा राहिली, तिच्यात विश्राम क्षणभर बसून राहिला.

डोळे उघडले तेव्हा बाबा समोर उकिडवे बसले होते. गिटारीच्या लांब दांड्याचं टोक त्यांनी आपल्या दातात धरलं होतं. डोळे मिटलेले. ऊस खाता खाता झोप लागलेल्या पोरासारखे दिसत होते.

दोघं तसेच राहिले. खाडीच्या तोंडाशी पाण्याची पहिली रेघ परत फिरली होती. चिखलातली एक होडी जागी होऊन किंचित सरळ झाली. त्या सगळ्या किनाऱ्यावर ती गिटार दोनच माणसांना ऐकू येत होती, आणि त्यातल्या एकाच्या तोंडात ती होती.

तेवढ्यात विश्रामच्या खिशातला फोन वाजला.

हरेश्वर. विश्रामच्या डोक्यात अजून तो सूर होता. फोन कानाला लावायची त्याला इच्छा होईना. त्याने तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"काय रे, ठरलं का? शुक्रवारी येतोस, की मी डाव्या हाताने भागवू?"

"येतो."

"मागच्या वेळेसारखं नको हां. पैसे मोजून घेतो आपण लोकांकडून."

"हरेश्वर, तुला माहीत होतं?"

फोन जरा घुटमळला.

"…दुसऱ्या दिवशी ढोलवाला म्हणाला. त्याला तुझी वायर लोंबताना दिसली म्हणे. गिटार ऐकू आली नाही असं नाही म्हणाला, वायर दिसली म्हणाला."

विश्रामने मान हलवली. फोनला मान दिसत नाही, पण माणूस हलवतोच.

"मी येतो. पण पुढे नाही उभा राहणार. ढोलाच्या बाजूला जागा ठेव."

"ढोलाच्या बाजूला? तिथे तुला बघणार कोण? कोपरा आहे तो."

"मला ढोल ऐकायचाय."

"चार वर्षं काय ऐकत होतास?"

बाबा दांड्याचं टोक लुंगीने पुसत होते, नीट, चारी बाजूंनी.

"बरं," हरेश्वर म्हणाला. आवाज थोडा खाली आला होता. "पहिलं गाणं वाजव. मी डावा हात उचलून ठेवतो. गाणं उभं राहिलं तर तू आहेस. पडलं तर तूच गिटार खाली ठेवायची, मी सांगायला येणार नाही. चालेल?"

"चालेल."

"आणि वाजवणार कशावर? सकाळपासून दोन दोन घेऊन फिरतोयस म्हणे. मग, कुठली पसंत पडली?"

विश्रामने लाल गिटारीकडे पाहिलं. मांडीवरच्या तपकिरीकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"बाबा, विचारतोय, कुठली पसंत पडली…"

बाबांनी तपकिरी गिटार, बघायला आलेल्यांसमोर मुलीला बसवावं तशी, त्याच्या मांडीवर जराशी सरळ केली, तारांवरचं चिंचेचं पान काढलं आणि फोनकडे वाकून, कुणाला जाग येऊ नये अशा आवाजात म्हणाले,

"पोरीने अजून होकार दिलेला नाही."