सहावा मणी

“मग या सहाव्या मण्याचं मी काय करू, भन्ते?”

भन्ते सुमेध विहाराच्या पायरीवर बसून चिवराची उसवलेली शिवण घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसला मणी?”

विचारणारा प्रशिक रामटेके तालुक्याच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा. दहा वर्षं तो गावोगाव सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी शिबिरं घेत होता. ‘लग्नाआधी रक्त तपासा,’ असं लोकांना दरडावून सांगत होता. स्वतःचं रक्त मात्र त्यानं कधी तपासलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीनं, प्रात्यक्षिक म्हणून, त्याच्याच बोटाला सुई टोचली...

“हिमोग्लोबिन म्हणजे माळ समजा,” तो वर्गात बोलावं तसा बोलू लागला. “प्रथिनाची माळ. तिच्या एका पदरात एकशे शेहेचाळीस मणी. त्यातला सहावा बदलला, की प्रथिनं एकमेकांना चिकटतात. रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक नसांमध्ये अडकते. माणूस दुखण्यानं तडफडतो.”

“तू तडफडतोस?”

“नाही. मला आईकडून एक बरोबर मिळालाय, बापाकडून एक चुकीचा. किंवा उलट. मी नुसता वाहक. पण विशाखाच्या रक्तातही तेच निघालं, तर आमच्या मुलांना...”

विशाखाशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिला त्यानं तपासणी करायला लावली होती. स्वतःचं काही सांगितलं नव्हतं. तिनं रिपोर्टचं पाकीट न उघडताच त्याच्या हातात दिलं होतं. कालपासून ते त्याच्या खिशात होतं.

“आठ वर्षांपूर्वी तू माझं रक्त तपासलंस,” भन्ते म्हणाले. “तेव्हा काय म्हणाला होतास?”

“तुम्ही वाहक आहात, म्हणालो होतो. घाबरण्यासारखं काही नाही... लाजण्यासारखं तर नाहीच.”

“खोटं बोललास?”

“नाही, भन्ते.”

मग प्रशिकनं पाकीट काढलं. तो फाडणार, तोच भन्त्यांनी त्यावर तळवा ठेवला.

“आधी तुझं.”

प्रशिकनं फोन लावला.

“विशाखा, माझ्या रक्तात सिकलसेल आहे. मी वाहक आहे. आठवडा झाला कळून. तुला सांगायची हिंमत झाली नाही.”

“माझं पाकीट उघडलंत?”

“नाही.”

“मग उघडा ना.”

त्यानं ते फाडलं. कागद एकदा वाचला. पुन्हा वाचला. बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचला. आणि तिथंच, भन्त्यांच्या शेजारी, धपकन बसला.

“तुझ्यात नाहीये. तुझ्या रक्तात काहीच नाहीये! मुलं फार तर माझ्यासारखी होतील, विशाखा. आजार नाही होणार त्यांना.”

“रडताय की काय?”

“नाही... हो.”

“आठवडाभर एकटेच घेऊन बसलात हे?” तिचाही आवाज भरून आला होता. “बरं, जेवलात का?”

प्रशिकनं फोनवर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

“भन्ते, ती विचारतेय, जेवलात का.”

भन्त्यांनी दोरा दातानं तोडला.

“मग? खरं ते सांग.”