दोन राज्यांचा एकच नगारा

एका मुलखात पूर्वी दोन राज्ये नांदत होती. खाली मिठागरांचे, वर मधाच्या कड्यांचे, आणि मधे चिरेबंदी भिंत. मिठाची गोणी वेशीवर तीन तीन दिवस खोळंबे. तोवर डोंगरातली माणसे अळणी कण्या गिळत.

मग तमोहर मांत्रिकाने एका फुंकरीने भिंत उडवली. मीठ वर गेले, मध खाली आला, सोयरिकी जुळल्या. समुद्रावरून लुटारू आले, तेव्हा डोंगरची माणसे मदतीला धावली. मंत्राला अट एकच होती. दोन्हीकडे नगारा एकच, मिठागरांच्या राजा लवणकेतूचा. तो वाजला की सर्वांनी काढणी करायची. डोंगरच्या राणीने विचार न करता मान डोलावली, आणि मला विचाराल तर चूक तिथेच झाली.

मीठ माघात तयार होई, म्हणून नगारा माघात वाजे. मधाची पोळी मात्र वैशाखात भरतात. धनेश पक्षी ‘आता काढा’ म्हणाला की मगच कोयता उचलायचा, हा डोंगरातला रिवाज. आता नगाऱ्यासरशी कोयते आपोआप उठत आणि अळ्यांसकट पोळी कापत. धनेश मुका झाला. तीन वर्षांत माश्या संपत आल्या. मध काढणाऱ्या साळूबाईच्या कड्यावर शेवटचे एक पोळे उरले.

साळूबाई तमोहराकडे गेली. भिंत परत उभी करू का, असे त्याने शांतपणे विचारले. तिची लेक मिठागरात दिलेली होती. ती नको म्हणाली. तेव्हा भिंतीशिवाय नगाऱ्याचा मंत्र सुटावा म्हणून त्याने तीन कामे सांगितली. गुप्तधनावरच्या नागाची कात तिने आणली. उकळत्या विहिरीतले गार पाणीही आणले. माश्यांत वाढलेली बाई असल्या गोष्टींना कसली भिते! तिसरे काम अवघड होते. राजाने आपल्या हाताने नगाऱ्याची टिपरी खाली ठेवायला हवी होती.

राजा दुष्ट नव्हता, धास्तावलेला होता. साळूबाईने मागणे घातले तेव्हा तो म्हणाला, “नगारे दोन झाले की राज्येही दोन होतील.”

“महाराज, आपलं मीठ माझ्या चुलीपर्यंत येतं, म्हणून आपण एक आहोत. माझ्या पोळ्याची वेळ आपल्याला मिठागरातून कशी दिसेल?”

“आणि भिंत उठली तर?”

“तर लेकीचं तोंड मला पुन्हा दिसणार नाही. तरी मागते आहे.”

राजाने टिपरी खाली ठेवली. वेशीवर जमीन हादरली, चिरे वर येऊ लागले. गुडघ्याइतके आले आणि थांबले. गोणी तेवढ्यावरून उचलून न्यावी लागते, एवढेच.

वैशाखात धनेश बोलला, “आता काढा.” साळूबाईने कोयता उचलला नाही. एकुलते पोळे तिने माश्यांना वाढायला ठेवले.

दोन वर्षे डोंगरातून मधाचा थेंब खाली गेला नाही. मीठ मात्र दर आठवड्याला वर येत राहिले.