खिंडीतली बुर्जी

एका खिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गावाला बुद्धिबळाचं वेड, तेही असलं की चुलीवर भाजी करपली तरी डाव मोडायचा नाही. या गावात गुणाजी नावाचा एक खेळिया होता. खेळायला पक्का वाघ, पण खोड मेली वाईट. सरळ मात द्यायची सोडून तो समोरच्याची एकेक सोंगटी मारायचा, त्याला अगदी नागवा करायचा आणि त्याचं उतरलेलं तोंड बघत बसायचा.

आता त्या जुन्या खेळाचा एक कायदा ऐकून ठेवा. समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि त्याचा नुसता राजा उरला, की झाली बुर्जी. बुर्जी म्हणजे बरोबरी, डाव ना तुझा ना माझा. म्हणून जिंकायचं असेल तर समोरच्याजवळ निदान एक प्यादं ठेवावंच लागतं. गुणाजीचा थोरला भाऊ कळवळून सांगायचा, "गुणा, राहू दे रे त्याचं एक प्यादं. मात दे आणि ऊठ."

गुणाजी हसायचा. "मात काय, कुणीही देतं दादा. बुर्जी झाली की माणूस महिनाभर मान वर करत नाही!"

एकदा दादा लाकडं आणायला खिंडीत गेला, तो परतलाच नाही. खिंडीत एक ओसाड देऊळ होतं आणि त्याच्या ओट्यावर दगडात पट कोरलेला होता. भर दुपारी तिकडे कुणी फिरकत नसे. वहिनीचे डोळे रडून रडून सुजले. "भावजी, तुम्हीच आणा हो ह्यांना. तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

बापामागे दादानंच गुणाजीला वाढवलं होतं. तो तसाच उन्हात खिंडीकडे निघाला.

देवळाच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. टळटळीत ऊन पडलेलं. झाडाला सावली होती, देवळाला होती, म्हाताऱ्याला नव्हती. आणि शेजारी दादा! पण दादाच्या पापण्या लवत नव्हत्या, हाक मारली तरी मान वळत नव्हती.

"हरला माझ्याशी," म्हातारा म्हणाला. "माझे हात केव्हाच गेले. आता याच्या हातांनी खेळतो." खरंच की, म्हाताऱ्याच्या बाह्या रिकाम्या लोंबत होत्या.

"आहेस तरी कोण तू?"

"या पटावर राजे खेळले, फकीर खेळले. सगळे उठून गेले. ज्याला उठवेना, तो मी."

"माझ्या दादाला सोड!"

"मात दे आणि घेऊन जा. हरलास तर तूही इथंच बस. बुर्जी झाली तर ज्याचं जे आहे ते त्याच्याकडे राहील. डाव एकच, पुन्हा नाही."

गुणाजी भीत भीतच पटासमोर बसला. पण सोंगट्या मांडल्या गेल्या आणि भीती कुठल्या कुठे पळाली. दादाचा गारठलेला हात म्हाताऱ्याचे मोहरे सरकवू लागला. नवल म्हणजे, म्हातारा मोहरे उधळतच होता! उंट दिला, घोडे दिले, वजीरही देऊन टाकला. गुणाजी मारत सुटला. प्रत्येक सोंगटी उचलली की ओट्याखाली कुणीतरी सुस्कारा टाकल्यासारखं वाटायचं, पण लक्ष देतो कोण! म्हाताऱ्याचं तोंड पार उतरलं होतं आणि ते बघून गुणाजीला आतून गुदगुल्या होत होत्या.

अखेर म्हाताऱ्याजवळ राजा आणि एकच प्यादं उरलं. गुणाजीनं हत्ती पुढे सरकवला की मात. झालं, दादा घरी!

पण ते प्यादं गुणाजीच्या वजिराच्या तोंडात आयतं उभं होतं. गुणाजीची बोटं हत्तीवरून उठली आणि वजिराकडे वळली.

तेवढ्यात दादाचा हात हलला. म्हाताऱ्याची पाळी नव्हती, तरी हलला. त्या प्याद्यावर आला आणि त्याला झाकून राहिला. दादाच्या उघड्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हात काढ, दादा," गुणाजी पटावरची नजर न उचलता म्हणाला. "खेळात मध्ये येऊ नकोस." त्यानं तो हात ढकलला, प्यादं मारलं आणि आरोळी ठोकली, "बुर्जी!"

अरे देवा! शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला कळलं, आपण काय करून बसलो.

म्हातारा गालात हसला. "बरोबरी झाली बाबा. ज्याचं जे आहे ते त्याच्याकडे."

गुणाजीनं ओट्यावर कपाळ आपटलं. "एक डाव! आणखी एकच!" दादाचा हात सोंगट्या पुन्हा मांडू लागला होता.

घरी वहिनी दारातच उभी होती. "भावजी, काय झालं?"

"मी जिंकलो होतो, वहिनी," गुणाजी कसाबसा म्हणाला.

वहिनीनं त्याच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं. "मग हे कुठं आहेत?"

तात्पर्य: समोरच्याला नागवं करायची हौस जिंकण्याहून मोठी झाली, की हाताशी आलेला डाव जातो आणि त्याचं मोल आपलं माणूस भरतं.