खांबपर्णीची झोप

एका राज्यात दगडी खांबांच्या माथ्यावर पानं कोरायची रीत होती. पान सुपाएवढं, कडेनं कातरलेलं, टोकाशी वळलेलं. नवा राजा गादीवर बसला की पाथरवट नवा खांब घडवीत आणि त्यावर तेच पान कोरीत. ते पान कोणत्या झाडाचं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते झाड त्या राज्यात कुणी पाहिलंच नव्हतं.

रत्नध्वज राजाला मुलगी झाली, त्या दिवशी डोंगरापलीकडची एक जोगीण टोपलीत माती घेऊन राजवाड्यात आली. मातीत एक रोप होतं. सभामंडपाच्या खिडकीसमोर, बागेच्या पश्चिमेच्या भिंतीशी एक जांभूळ होतं. त्याच्या सावलीत तिनं ते रोप लावलं.

"राजा, ही खांबपर्णी," ती म्हणाली. "आपल्या अबोलीच्या, कोरांटीच्या गोतातली, पण थोरली. तुझ्या खांबांवरचं पान हिचंच. हिला जन्मभर एकच जागा हवी आणि उन्हाळ्यात झोप हवी. हिचं आणि तुझ्या लेकीचं आयुष्य मी एका गाठीनं बांधलंय. सांभाळ."

राजा मनानं चांगला होता. पण त्याला एक खोड होती. जे आवडेल ते त्याला सतत डोळ्यांसमोर लागे. त्याचे तीन महाल होते. तो ज्या महाली जाई, त्या महाली राजकन्या कुमुदिनीची पालखीही जाई. एखादी मैत्रीण जमली, खेळ रंगात आला, की पालखी दारात उभी. नऊ वर्षांची झाली तरी त्या पोरीनं एका जागी एक ऋतू पुरता पाहिला नव्हता.

बागेची माळीण होती हौसा. कुमुदिनी तिच्याजवळ बसून खांबपर्णीच्या पानांवरून बोट फिरवी आणि म्हणे, "हौसामावशी, एकदा तरी ही जांभळं पिकेपर्यंत मला इथं राहू दे, असं बाबांना सांग ना गं."

"सांगेन हं, बाय," हौसा म्हणे. आणि सांगत नसे. राजाला कोण सांगणार?

राजाची तीच खोड खांबपर्णीलाही भोवली. त्यानं ती भिंतीशेजारून काढून दरबारापुढच्या चौकात लावायला सांगितली, येता-जाता दिसावी म्हणून. दोन वर्षांनी चौकातून काढून तळ्याकाठी, तिथं तो संध्याकाळी बसे म्हणून. दर वेळी हौसानं कुदळ घातली आणि दर वेळी ते लांब, गाजरासारखं जाड मूळ खाली कुठंतरी तुटलं. मग वैशाख आला. पानं काळवंडली, जमिनीवर लोळली, नाहीशी झाली.

"मेलं," राजा म्हणाला. "उपटून टाक."

"महाराज, ती झोपलीय."

"झोपलेल्याचं तोंड असं काळं पडतं का, हौसा?"

हौसाला आणखी एकदा बोलायचं होतं. ती बोलली नाही. तिनं कुदळ उचलली, खोड उपटलं आणि पाचोळ्याच्या ढिगावर जाळून टाकलं. मुळाचा काडकन आवाज झाला, त्याच क्षणी सभामंडपाच्या खिडकीशी, खांबाला टेकून उभी असलेली कुमुदिनी दगडाची झाली.

राजानं टाहो फोडून जोगिणीला हाक मारली. हाकेसरशी ती दारात उभी होती.

"जे एका जागी राहायचं ते तू हलवलंस, राजा," ती म्हणाली. "म्हणून जे हलायचं ते आता एका जागी राहील. मूर्तीला हात लावलास तर तडा जाईल."

राजा गुडघ्यांवर आला. "उपाय सांग, माय."

"उपाय तुझ्या हातचा नाही. जिनं कुदळ घातली तिच्या हातचा आहे." जोगीण हौसाकडे वळली. "कामं तीन. जाळलेलं झाड जिवंत शोधायचं. ते जागेवरून न हलवता फुलवायचं. आणि तुझ्या डोळ्यांसमोर ते मरू लागेल, तेव्हा काहीही करायचं नाही. तीन उन्हाळे मुदत. तिसऱ्या वैशाखाचा शेवटचा दिवस मावळला की दगड तो दगडच."

दुसऱ्या दिवशी हौसा पाचोळ्याची राख उपसत बसली. जांभळीखाली सातभाई पक्षी पानं उलथत होते. त्या राज्यात सातभाई माणसाचं बोलत, आणि सातही एकदम बोलत, म्हणून कुणी ऐकत नसे.

"काय गं माळीणबाई, राखेत काय शोधतेस? भाकरी पडली का?"

"झाड शोधतेय."

"झाड वर असतं होय? वर असतात ती पानं!"

"आमच्या पायाखाली किडे असतात, तशी तुझ्या पायाखाली अक्कल असेल, बघ जरा!"

"कुदळ घातलीस तेव्हा मूळ तुटलं होतं ना?" सर्वांत थोरला म्हणाला. "मग तुटलेला तुकडा कुठं गेला?"

हौसानं कपाळावर हात मारला. तीस वर्षं मातीत हात घालणारी बाई ती, तिला एवढं सुचू नये? एक तुकडा भिंतीशी, एक चौकात, एक तळ्याकाठी. झाड तर तिन्ही खड्ड्यांत निजलेलं होतं.

पावसाळा सरला, दसरा झाला, आणि तिन्ही जागी हिरवे, चकचकीत कोंब वर आले. पहिलं काम झालं.

राजा धावत आला. "तिन्ही काढा! खिडकीशी, कुमुदिनीजवळ लावा!"

"महाराज," हौसा म्हणाली, "तोच घाट पुन्हा घालायचा?"

राजानं पुढं केलेला हात मागं घेतला.

चौकातल्या रोपाला दुपारभर ऊन लागे. पानं कोमेजली, करपली, गेली. तळ्याकाठच्या रोपाच्या बुंध्याशी पाणी साचून मूळ कुजलं. भिंतीशी सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी जांभळीची सावली होती. तिथलं रोप तरारलं. हौसानं मुळाला धक्का न लावता भोवती विटांचे तुकडे आणि वाळू घातली, म्हणजे पाणी साचू नये. वर जांभळीचा कुजलेला पाला पसरला. पण रोज सकाळी पानांना भोकं दिसू लागली.

राजाला रिकामं बसवेना. तो स्वतः पहाटे उठून गोगलगायी वेचू लागला.

"मी घोडदळं अडवली, हौसा. ही मंडळी अडत नाहीत."

"राखेचं रिंगण घाला, महाराज. आणि धोतर आवरून बसा, खत लागतंय."

पहिल्या उन्हाळ्यात पानं काळवंडली, तेव्हा हौसा काही न करता बसली. दसऱ्याला ती परत आली, दुप्पट. दुसऱ्या उन्हाळ्यातही तसंच झालं. फूल मात्र नाही. राजाचे बाकीचे दोन महाल ओस पडले होते. तो आता कुठंच जात नसे. खिडकीपाशी बसून तो मूर्तीला रोज सांगे, आज किती पानं झाली.

तिसऱ्या फाल्गुनात पानांमधून एक दांडा निघाला. पुरुषभर उंच झाला. त्याला खालून वर फुलं लागली. पांढऱ्या पाकळ्या, आणि प्रत्येकीवर जांभळ्या रंगाची काटेरी टोपी. अख्खं नगर बघायला आलं. खांबांवरचं पान ज्यांनी जन्मभर कोरलं, ते म्हातारे पाथरवट खऱ्या पानाला हात लावून रडले.

दुसरं काम झालं. पण मूर्ती हलली नाही.

चैत्र गेला. फुलं वाळली. वैशाखात पानं पुन्हा काळी पडली, दांडा गवताच्या काडीसारखा कोरडा झाला. शेवटचा दिवस उजाडला. दुपारी राजा बागेत आला, तेव्हा त्याच्या हातात कुदळ होती.

"हौसा, बाजूला हो. मुळासकट काढून तिच्या पायाशी ठेवतो. कदाचित जवळ नेल्यानं..."

"नाही, महाराज."

"ती माझी मुलगी आहे!"

"होय. आणि तीन वर्षांपूर्वी मी एकदाच बोलले आणि गप्प बसले, म्हणून ती दगड झाली." हौसा झाडाच्या आणि कुदळीच्या मध्ये उभी राहिली. "आज मी दोनदा बोलणार. काहीही करू नका, महाराज. काहीही करू नका. घालायचीच तर कुदळ आधी माझ्यावर घाला."

"आणि ती परत आली नाही तर?"

"तर मी जन्मभर इथंच बसेन, तुमच्याशेजारी. पण ही झोपलीय. मला ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं."

राजानं तिच्याकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. मेलेल्या झाडासारखं झाड. त्यानं कुदळ खाली ठेवली आणि तो जमिनीवर बसला. हौसाही बसली. सातभाईसुद्धा त्या दुपारी गप्प होते.

उन्हाच्या झळा वाढत गेल्या. दांड्यावरची बोंडं तापत गेली. आणि तडाड!

एक बोंड फुटलं. मग दुसरं, मग तिसरं. काळ्या, चकचकीत बिया गोफणीतून सुटाव्या तशा चहूकडे उडाल्या. एक राजाच्या पागोट्यात अडकली. एक खिडकीतून सभामंडपात गेली आणि दगडी पापणीवर टक्कन बसली.

पापणी हलली.

दगडाचा रंग उतरला, गालांवर रक्त आलं. कुमुदिनीनं डोळा चोळला, खिडकीबाहेर पाहिलं आणि जणू सकाळचंच बोलणं पुढं चालू असावं तसं विचारलं, "हौसामावशी, जांभळं पिकली?"

राजानं मान वर करून जांभळीकडे पाहिलं. जांभळं नुकती लाल होत होती.

"अजून पंधरा दिवस आहेत, बाळ," तो म्हणाला.

"मग पालखी कधी निघणार?"

"निघणार नाही. जांभळं पिकेपर्यंत थांबू."

"आणि पिकल्यावर?"

"ते तू सांग."

जोगीण आली तेव्हा कुणाला दिसली नाही. भिंतीशी तिची रिकामी टोपली तेवढी होती. त्या टोपलीत बिया गोळा करून राजानं घरोघर एकेक वाटली. रिकाम्या महालांत त्यानं पाथरवटांची आणि माळ्यांची मुलं शिकायला बसवली. आजही त्या राज्यात वैशाखात अंगणातली खांबपर्णी काळी पडली आणि कुणी कुदळ शोधू लागलं, की घरातली जाणती बाई त्याच्या आणि झाडाच्या मध्ये उभी राहते आणि एक सोडून दोनदा सांगते.

पाला मातीत मुरला, गोष्ट मनात मुरली. आता झाडाला झोपू द्या.